अंगावर धारण करावयाचे हृदयगतिमापक आणि शारीरिक तंदुरुस्तीचे मापन : मीरा-भाईंदर शहराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

मनगटी घड्याळ किंवा छातीपट्टा यांच्या साहाय्याने हृदयाच्या ठोक्यांची सतत नोंद घेणे आज सर्वसामान्य नागरिकाला शक्य झाले आहे. तथापि, उपकरणाने दाखविलेला आकडा कोणत्या परिस्थितीत तंदुरुस्तीचा निर्देशक ठरतो आणि कोणत्या परिस्थितीत ठरत नाही, याची जाण त्या प्रमाणात वाढलेली नाही. प्रस्तुत लेखात या उपकरणांची घडण, अचूकता आणि आकड्यांच्या वाचनाची पद्धत स्पष्ट केली असून, दमट किनारी हवामान व दीर्घ रेल्वेप्रवास ही वैशिष्ट्ये असलेल्या मीरा-भाईंदर शहरात त्यांचा अर्थ कसा लावावा याचे विवेचन केले आहे. एकाच व्यक्तीच्या, समान परिस्थितीत घेतलेल्या, दीर्घ काळाच्या नोंदींची तुलना हाच या उपकरणाचा खरा उपयोग होय, असे येथे प्रतिपादन केले आहे.

प्रमुख संज्ञा : हृदयगती, विश्रांतकालीन हृदयगती, प्रकाशीय संवेदक, छातीपट्टा, हृदयगतीचा राखीव पल्ला, दमटपणा.

१. प्रस्तावना

उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या यांच्या दरम्यान मीरा-भाईंदर हे शहर वसलेले आहे. १९८५ मध्ये येथे नगरपरिषद स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. २००१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख २० हजार असलेली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८ लाख ९ हजारांवर गेली. मिठागरे, भातशेती आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या गावांचे रूपांतर एका पिढीच्या आत बहुमजली इमारतींच्या शहरात झाले. उत्तन, पाली, चौक, डोंगरी या पट्ट्यात अंगमेहनतीचे जीवन आजही टिकून आहे. परंतु मीरा रोड आणि भाईंदर या दोन स्थानकांच्या भोवती राहणाऱ्या बहुसंख्य नागरिकांचा दिवस रेल्वेप्रवास व बैठे काम यांत जातो. चर्चगेटपासून हे अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे.

बैठ्या जीवनाचे परिणाम गंभीर आहेत. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, २०२२ मध्ये भारतातील ४९.४ टक्के प्रौढांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती. 'इंटरहार्ट' या आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे आढळले की, दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका येण्याचे सरासरी वय ५३ वर्षे आहे. इतर देशांत ते ५८.८ वर्षे होते. ऐन कर्तेपणाच्या वयात ओढवणाऱ्या या संकटाच्या भीतीने अनेक जण चालू-धावू लागले आहेत. जेसल पार्क चौपाटीवर अथवा उत्तनच्या रस्त्यावर सकाळी चालणाऱ्यांच्या मनगटावर हृदयाचे ठोके दाखविणारे घड्याळ दिसणे ही आता नवलाची बाब राहिलेली नाही. दीड-दोन हजार रुपयांपासून मिळणाऱ्या या उपकरणाने नागरिकाच्या हाती एक आकडा दिला. मात्र त्या आकड्याचे करावयाचे काय, हा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. त्याचे उत्तर शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२. हृदयगती आणि तंदुरुस्ती यांचा संबंध

विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ व्यक्तीचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त शरीरात पाठविते. एका ठोक्यात साधारणतः ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते असे धरल्यास मिनिटाला सुमारे ७२ ठोके पडावे लागतात. व्यायाम करताना स्नायूंची प्राणवायूची गरज अनेक पटींनी वाढते. ती भागविण्यासाठी हृदय दर ठोक्याला अधिक रक्त टाकते आणि ठोक्यांची संख्याही वाढविते. त्यामुळेच श्रमाची तीव्रता वाढली की हृदयगती बऱ्याच अंशी त्याच प्रमाणात वाढताना दिसते. हृदयगतिमापकाचे सर्व शास्त्र या एका संबंधावर उभे आहे.

नियमित व्यायामाने हृदयाची दर ठोक्याची क्षमता वाढते. अर्थात तेच काम कमी ठोक्यांत होऊ लागते. प्रौढांची विश्रांतकालीन हृदयगती सर्वसाधारणपणे ६० ते १०० च्या दरम्यान मानली जाते. लांब पल्ल्याच्या सरावलेल्या धावपटूंमध्ये ती ५० च्या खालीही आढळते. एखाद्या व्यक्तीची ही गती काही महिन्यांच्या चालण्याने ७६ वरून ६८ वर आली, तर केवळ ८ ठोक्यांचा हा फरक दिवसाकाठी ११,५२० ठोक्यांची बचत ठरतो. उलटपक्षी, कमाल हृदयगती मुख्यतः वयानुसार ठरते आणि सरावाने ती फारशी बदलत नाही. सारांश, तंदुरुस्ती ही 'हृदय किती जोरात धावू शकते' यावरून नव्हे, तर 'ठराविक काम किती कमी ठोक्यांत होते' आणि 'काम थांबल्यावर हृदय किती लवकर शांत होते' यावरून ओळखावयाची असते.

३. नाडीपरीक्षेपासून मनगटी संवेदकापर्यंत

नाडीवरून देहाची अवस्था जाणण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. आयुर्वेदातील शार्ङ्गधरसंहितेत नाडीपरीक्षेचे विवेचन येते. वैद्याचे बोट नाडीची चाल आणि बल पाहत असे. ठोके घड्याळाशी ताडून मोजण्याची पद्धत मात्र पुढे आली. १७०७ मध्ये इंग्लंडमधील वैद्य सर जॉन फ्लॉयर यांनी एक मिनिट चालणाऱ्या घड्याळाच्या साहाय्याने नाडी मोजण्याचा पुरस्कार केला. मनगट आणि घड्याळ यांची ही सांगड तीनशे वर्षांहून अधिक जुनी आहे.

हृदयाच्या विद्युत्-स्पंदनांचा आलेख विश्वसनीयपणे काढण्याचे श्रेय नेदरलँड्सचे विलेम आइंथोव्हेन यांच्याकडे जाते. त्यांना १९२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रुग्णालयात ज्याला आपण 'ईसीजी' म्हणतो तो हाच आलेख होय. चालत्या-फिरत्या माणसाचा असा आलेख घेण्याचा प्रयत्न अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस केला. त्यांचे पाठीवर वाहावयाचे यंत्र सुमारे ३८ किलो वजनाचे होते. हृदयरुग्णाच्या अंगावर २४ तास लावल्या जाणाऱ्या यंत्राला आजही त्यांचेच नाव आहे.

क्रीडाक्षेत्रात हे तंत्र फिनलंडमधून आले. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या 'पोलार' या कंपनीने १९८२ मध्ये छातीपट्टा आणि मनगटी ग्राहक अशी बिनतारी जोडी बाजारात आणली. दरम्यान, त्वचेवर प्रकाश टाकून रक्तप्रवाहातील चढउतार टिपण्याचे तत्त्व अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अल्रिक हर्ट्झमन यांनी १९३० च्या दशकात मांडले होते. त्याच तत्त्वाच्या आधारे बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर तयार झाला. २०२० व २०२१ च्या कोविड साथीत हे उपकरण घरोघरी पोहोचले. त्यावर प्राणवायूच्या टक्केवारीशेजारी दिसणारा दुसरा आकडा नाडीचाच असतो, हे मात्र अनेकांच्या लक्षात आले नाही.

४. उपकरणांचे दोन प्रकार

(अ) छातीपट्टा : यात छातीच्या त्वचेला टेकणारे दोन विद्युत्-अग्र असतात. हृदयाच्या प्रत्येक आकुंचनापूर्वी निर्माण होणारा सूक्ष्म विद्युत्-दाब ते टिपतात. हृदयाची मूळ विद्युत्-क्रियाच येथे मोजली जात असल्याने जोरदार हालचालीतही नोंद बरीच अचूक राहते. पट्ट्याचे अग्र कोरडे असल्यास संपर्क नीट होत नाही. म्हणून वापरापूर्वी ते पाण्याने ओले करावे लागतात.

(आ) मनगटी प्रकाशीय संवेदक : घड्याळाच्या पाठीमागे हिरवा प्रकाश लुकलुकताना दिसतो. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेते. प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातील बारीक रक्तवाहिन्यांत रक्ताची लाट येते, तेव्हा अधिक प्रकाश शोषला जाऊन परत येणारा प्रकाश क्षणभर घटतो. हे चढउतार मोजून उपकरण ठोक्यांची संख्या ठरविते. येथे हृदयाची क्रिया प्रत्यक्ष मोजली जात नाही. तिचा मनगटापर्यंत पोहोचलेला परिणाम मोजला जातो आणि त्यातून गणिताने अनुमान काढले जाते. हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

५. अचूकतेच्या मर्यादा

मनगटी उपकरणाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे हालचाल. हात हलताना घड्याळ त्वचेवर सरकते, बाहेरचा प्रकाश आत शिरतो आणि रक्तलहरीच्या नोंदीत हालचालीची नोंद मिसळते. पावले जर मिनिटाला ११० पडत असतील, तर उपकरण काही वेळा पावलांचीच लय हृदयाची लय म्हणून दाखविते. वजन उचलताना मूठ व मनगट आवळले जाते, तेव्हाही चुका वाढतात. सैल पट्टा आणि गोंदण हीदेखील चुकीची कारणे आहेत. काही उपकरणे तर गुंडाळलेल्या टॉवेलवर बांधली तरी आकडा दाखवितात. आकडा दिसला म्हणजे मोजमाप झाले, असे नव्हे.

२०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ६० स्वयंसेवकांवर सात मनगटी उपकरणांची चाचणी घेतली. सातपैकी सहा उपकरणांची हृदयगतीतील चूक ५ टक्क्यांच्या आत होती. परंतु खर्च झालेल्या उष्मांकांच्या बाबतीत सर्वांत चांगल्या उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के, तर सर्वांत वाईट उपकरणाची ९३ टक्के निघाली. 'आज ४०० कॅलरी जळाल्या' या घड्याळाच्या निर्वाळ्यावर विसंबून वडापाव खाणाऱ्याने हे जाणून घ्यावे. त्वचेच्या रंगाविषयी निष्कर्ष एकसारखे नाहीत. वरील अभ्यासात गडद त्वचेवर चूक अधिक आढळली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात त्वचेच्या रंगानुसार लक्षणीय फरक दिसला नाही, मात्र विश्रांतीच्या तुलनेत हालचालीत चूक सरासरी ३० टक्क्यांनी वाढल्याचे दिसले.

यावर सोपा उपाय उपलब्ध आहे. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, सरकणार नाही इतपत घट्ट बांधावे. चालणे थांबविल्याबरोबर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तर्जनी व मध्यमा ठेवून १५ सेकंद नाडी मोजावी व तिला ४ ने गुणावे. हा आकडा आणि घड्याळाचा आकडा यांत वारंवार १० पेक्षा अधिक तफावत येत असेल, तर त्या उपकरणावर व्यायामाचे नियोजन आधारू नये. ज्यांच्याकडे उपकरण नाही त्यांना हीच पद्धत पुरेशी आहे. तिला सेकंदकाटा सोडून काहीही लागत नाही.

६. आकड्यांचे वाचन

(अ) विश्रांतकालीन हृदयगती : सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्यापूर्वी आणि चहा घेण्यापूर्वी ही मोजावी. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही. सात दिवसांची सरासरी काढून ती मागील महिन्यांच्या सरासरीशी ताडून पाहावी. ती हळूहळू उतरत असेल तर व्यायाम लागू पडत आहे. ती सलग काही दिवस नेहमीपेक्षा ७-८ ठोक्यांनी चढलेली असेल, तर अपुरी झोप, अतिश्रम, ताप येण्याची सुरुवात किंवा मानसिक ताण यांपैकी काहीतरी असू शकते. अशा दिवशी व्यायाम हलका ठेवणे शहाणपणाचे ठरते.

(आ) कमाल हृदयगती : '२२० वजा वय' हे सूत्र सर्वश्रुत आहे. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी उपलब्ध माहितीच्या ढोबळ मांडणीतून ते रूढ झाले. २००१ मध्ये तनाका व सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून '२०८ वजा वयाच्या ०.७ पट' हे सूत्र सुचविले. ६० वर्षांच्या व्यक्तीसाठी पहिले सूत्र १६० तर दुसरे १६६ हा आकडा देते. दोन्ही सूत्रे समूहाची सरासरी सांगतात. प्रत्यक्ष व्यक्तीची कमाल गती त्यापेक्षा १०-१२ ठोक्यांनी कमी किंवा अधिक असणे अगदी स्वाभाविक आहे. घड्याळातील रंगीत पट्टे बहुधा अशाच सूत्रावर आधारलेले असल्याने ते लक्ष्मणरेषा मानू नयेत.

(इ) राखीव पल्ला : फिनलंडचे मार्टी कार्वोनेन यांच्या १९५७ मधील कार्यावर आधारलेली पद्धत अधिक उपयुक्त आहे, कारण तिच्यात व्यक्तीची स्वतःची विश्रांतकालीन गती विचारात घेतली जाते. कमाल गतीतून विश्रांतकालीन गती वजा केली की राखीव पल्ला मिळतो. मध्यम श्रमासाठी या पल्ल्याचा ४० ते ५९ टक्के भाग विश्रांतकालीन गतीत मिळवावा. उदाहरणार्थ, ४५ वर्षांच्या व्यक्तीची अनुमानित कमाल गती १७६ आणि विश्रांतकालीन गती ७६ असेल, तर पल्ला १०० ठोक्यांचा होतो आणि मध्यम श्रमाचा पट्टा ११६ ते १३५ हा येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सुचविलेले आठवड्याचे १५० ते ३०० मिनिटांचे मध्यम श्रम या पट्ट्यात व्हावेत. आकडा योग्य आहे की नाही याची साधी कसोटी अशी : मध्यम श्रमात सोबत्याशी बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही.

(ई) शांत होण्याचा वेग : व्यायाम थांबविल्यावर पहिल्या मिनिटात हृदयगती किती उतरते, हा महत्त्वाचा निर्देशक आहे. १९९९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,४२८ प्रौढांच्या अभ्यासात, ताणचाचणीनंतर पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी ठोके उतरणाऱ्यांमध्ये पुढील काळात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. घरी किंवा रस्त्यावर घेतलेली नोंद त्या चाचणीची बरोबरी करू शकत नाही. परंतु दर महिन्याला त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालून घेतलेली नोंद स्वतःची प्रगती दाखविण्यास पुरेशी असते.

७. मीरा-भाईंदरच्या परिस्थितीत आकड्यांचा अर्थ

वरील नियम बहुतांशी थंड हवेच्या देशांत व प्रयोगशाळेत तयार झाले आहेत. खाडी आणि समुद्र यांनी वेढलेल्या शहरात ते जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. याची चार कारणे येथे नोंदवावीशी वाटतात.

पहिले कारण दमट उष्मा हे होय. शरीर घामाच्या बाष्पीभवनाने थंड राहते. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर घाम नुसताच ओघळतो, शरीर थंड होत नाही. मग हृदयाला स्नायूंबरोबर त्वचेकडेही अधिक रक्त पाठवावे लागते. घामाने रक्तातील पाणी घटल्यामुळे दर ठोक्याचे रक्त कमी पडते आणि ठोके वाढतात. वेग तोच असताना हृदयगती चढत जाते. यातून एक ठळक फसगत संभवते. जानेवारीच्या गारव्यात, मुंबई मॅरेथॉनच्या दिवसांत उत्साहाने चालू लागलेल्या व्यक्तीला एप्रिल-मे मध्ये त्याच रस्त्यावर अधिक ठोके दिसतात आणि 'आपली तंदुरुस्ती घसरली' असे वाटून ती व्यायाम सोडते किंवा ईर्षेने अधिक ताण घेते. याउलट ऑक्टोबरच्या उकाड्यात सुरुवात करणाऱ्याला जानेवारीत आपोआप सुधारणा दिसते, जिचे श्रेय काही अंशी हवेचे असते. म्हणून जानेवारीची तुलना मेशी न करता मागील जानेवारीशी करावी आणि उन्हाळ्यात वेग न पाहता हृदयगती पट्ट्यात राखावी, भले वेग कमी होवो. उष्म्याला कमी लेखण्याची किंमत मोठी असते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावरील समारंभानंतर उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. ते कोणी धावपटू नव्हते, उन्हात बसलेली माणसे होती.

दुसरे कारण रेल्वेप्रवास हे होय. गर्दीच्या डब्यात तासभर उभे राहिल्याने, उकाड्याने आणि उतरता येईल की नाही या धाकधुकीने हृदयगती शंभरी ओलांडू शकते. काही घड्याळे असा वेळ श्रमाच्या खात्यात जमा करतात. परंतु हृदयगती आणि तंदुरुस्ती यांचा संबंध स्नायूंच्या प्राणवायूच्या वापरामुळे येतो. भीती, ताण वा उष्मा यांमुळे वाढलेल्या ठोक्यांत स्नायू काम करीत नसतात. त्यामुळे त्यातून व्यायामाचा लाभ मिळत नाही. स्थानकाचा जिना भरभर चढणे आणि डब्यात घुसमटत उभे राहणे यांत आकडा सारखा दिसला, तरी त्यांचा अर्थ वेगळा आहे.

तिसरे कारण रक्तक्षय हे होय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन कमी असल्यास तेवढाच प्राणवायू पोहोचविण्यासाठी हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. थोड्या चालण्यानेही १४० वर जाणारा आकडा पाहून एखादी गृहिणी स्वतःला 'अनफिट' समजेल. प्रत्यक्षात तिला अधिक व्यायामाची नव्हे, तर रक्ततपासणीची गरज असू शकते. थायरॉइड ग्रंथीचा अतिकार्यशील विकारही असेच चित्र दाखवितो.

चौथे कारण कष्टाचे काम हे होय. उत्तनच्या किनाऱ्यावर मासळीच्या टोपल्या उचलणाऱ्या, बोंबील वाळत घालणाऱ्या स्त्रीच्या हृदयाला दिवसभर श्रम घडतातच. तिला 'व्यायामाची मिनिटे' मोजण्याचे कारण नाही. तिच्या बाबतीत उपयुक्त आकडा सकाळच्या विश्रांतकालीन गतीचा आहे. तो दिवसेंदिवस चढत असेल तर श्रमाच्या मानाने विश्रांती आणि आहार कमी पडत आहेत, असा त्याचा अर्थ होय. बैठ्या नोकरदारासाठी बनविलेले मोजमाप श्रमिकाला जसेच्या तसे लावणे अशास्त्रीय ठरेल.

८. उपकरण काय सांगू शकत नाही

सर्वाधिक काळजीची बाब ही की, हृदयगतिमापक हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही. झटका हा हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिनीतील अडथळ्यामुळे येतो. त्या वेळी ठोके ७० ते ९० च्या दरम्यान, अगदी 'सामान्य' असू शकतात. काही घड्याळे बोट टेकवून एका बाजूचा विद्युत्-आलेख काढतात; रुग्णालयातील आलेख हृदयाकडे बारा दिशांनी पाहतो. मनगटावरचा आलेख निर्दोष आहे म्हणून छातीतील दुखणे अंगावर काढणे जीवघेणे ठरू शकते. छातीत दाब किंवा जळजळ, डाव्या हातात, जबड्यात अथवा पाठीत कळ, दरदरून घाम, अकारण धाप वा भोवळ यांपैकी काहीही जाणवल्यास घड्याळाकडे न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेही व्यक्तींमध्ये आणि स्त्रियांमध्ये ही लक्षणे पुष्कळदा अस्पष्ट असतात, हेही विसरू नये.

लयीतील अनियमितता ओळखण्याच्या बाबतीत मात्र उपकरणांचा काही उपयोग सिद्ध झाला आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात ४,१९,२९७ घड्याळधारकांपैकी सुमारे ०.५२ टक्के लोकांना अनियमित नाडीची सूचना मिळाली. त्यांपैकी ज्यांनी पुढे छातीवर पट्टी लावून तपासणी पूर्ण केली, त्यांच्यातील ३४ टक्के लोकांत 'एट्रियल फिब्रिलेशन' ही पक्षाघाताचा धोका वाढविणारी विकृती आढळली. अशी सूचना आल्यास घाबरून जाऊ नये, परंतु डॉक्टरांकडे अवश्य जावे.

औषधांचाही विचार केला पाहिजे. रक्तदाबासाठी वा हृदयासाठी दिली जाणारी मेटोप्रोलोल, अटेनोलोल यांसारखी औषधे हृदयगती रोखून धरतात. ती घेणाऱ्या व्यक्तीने घड्याळातील पट्टा गाठण्याचा अट्टहास केल्यास ताण प्रमाणाबाहेर जाऊ शकतो. त्यांच्यासाठी बोलण्याची कसोटी आणि डॉक्टरांचा सल्ला हेच मार्गदर्शक होत. चाळिशी उलटलेल्या, मधुमेह वा उच्च रक्तदाब असलेल्या, तसेच घरात अकाली हृदयविकाराचा इतिहास असलेल्या व्यक्तींनी धावण्यास प्रारंभ करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घेणे इष्ट आहे.

आणखी एक मुद्दा माहितीच्या खाजगीपणाचा. घड्याळातील नोंदी बहुधा कंपनीच्या संगणकांवर साठविल्या जातात. त्यांत झोप, आजारपण आणि रोजचा मार्ग यांचा तपशील असतो. २०१८ मध्ये एका धावपटूंच्या ॲपने प्रसिद्ध केलेल्या नकाशावरून लष्करी तळांचे ठिकाण उघड झाल्याची घटना जगभर गाजली. भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला असला, तरी कोणती परवानगी द्यावी हे वापरणाऱ्यानेच डोळसपणे ठरविले पाहिजे.

९. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) हृदयगतिमापक हे तुलनेचे साधन आहे, निदानाचे नव्हे. शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना निरर्थक आहे; स्वतःच्या मागील आकड्याशी केलेली तुलना अर्थपूर्ण आहे.

२) तुलना करताना वेळ, रस्ता, वेग आणि ऋतू समान असावेत. किनारी शहरात ऋतूचे भान न ठेवता केलेली तुलना दिशाभूल करते.

३) विश्रांतकालीन गती आणि व्यायामानंतर शांत होण्याचा वेग हे दोन आकडे सर्वाधिक भरवशाचे, उष्मांकांचा आकडा सर्वांत कमी भरवशाचा.

४) अनपेक्षितपणे चढलेला आकडा हा नेहमीच अपुऱ्या व्यायामाचा पुरावा नसतो, तो रक्तक्षय, ताप किंवा थकवा यांचाही असू शकतो.

५) शरीराची तक्रार आणि घड्याळाचा आकडा यांत विसंवाद असेल, तर शरीराचे ऐकावे.

महाविद्यालयांच्या शारीरिक शिक्षण विभागांना या संदर्भात बरेच काही करता येण्याजोगे आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला बोटाने नाडी मोजण्यास शिकविणे, वर्षातून दोनदा ठराविक अंतराच्या चालण्याची नोंद ठेवणे आणि ऋतूनुसार तिची तुलना करणे यांसाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. ही सवय ज्याला लागली, त्याच्या हातात पुढे घड्याळ आले तर तो आकड्याचा अर्थ लावू शकेल. आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या छातीत कळ आली असता, घड्याळ काय दाखविते याची वाट न पाहता, त्यांना वेळेवर रुग्णालयात नेईल.